नस्ती, आपत्ति आणि सँक्शन

उताऱ्याचे आकलन आणि शब्दसंग्रह हे दोन घटक स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत जोडीने येतात. विद्यार्थी मात्र त्यांची तयारी वेगवेगळी करतात. शब्द याद्यांतून पाठ करायचे आणि उतारे घड्याळ लावून सोडवायचे, अशी रीत पडली आहे. आमच्या इंदूरच्या भंवरकुआँ भागात शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी इमारती झाकून गेल्या आहेत. तिथून माझ्या पुतणीने अशीच एक यादी आणली. इंग्रजी शब्द, त्यापुढे एकच हिंदी अर्थ. रोज तीस शब्द पाठ करण्याचा तिचा नेम होता आणि तो ती निष्ठेने पाळीत होती. महिन्याभराने तिने मला विचारले, "काका, शब्द येतात, पण उतारा कळत नाही. असं कसं?"

ती संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते आहे. मुख्य परीक्षेत इंग्रजीची सक्तीची प्रश्नपत्रिका ३०० गुणांची असते. निबंधाला १००, आकलनाला ७५, सारांशलेखनाला ७५ आणि व्याकरण व शब्दप्रयोगाला ५० अशी तिची अलीकडची वाटणी. किमान २५ टक्के गुण मिळवावे लागतात. ते गुणानुक्रमात धरले जात नाहीत; पण तेवढे मिळाले नाहीत तर बाकीच्या उत्तरपत्रिकांना काही अर्थ उरत नाही. तेवढीच मोठी दुसरी प्रश्नपत्रिका एका भारतीय भाषेची, आणि ती भाषा कोणती, हे उमेदवाराने ठरवायचे असते. या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेकडे मी पुढे येतोच.

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत माझी पस्तीस वर्षे गेली. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि नियमांच्या पुस्तकांत इंग्रजी, अशा तीन भाषांत ती वर्षे सरली. पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला इंग्रजीआधी आपल्याच घरातले शब्द आठवले. माझी आई लग्न होऊन वाईहून इंदूरला आली, तेव्हा 'शिक्षा विभाग' ही पाटी वाचून तिने वडिलांना विचारले होते, "इतक्या लोकांनी असा काय गुन्हा केला?" आमच्या कचेऱ्यांत कागदपत्रांच्या बाडाला 'नस्ती' म्हणतात. मराठी माणसाला नस्ती म्हटले की उठाठेवच आठवते. आणि काही प्रकरणांत दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडत, हे मी अनुभवाने सांगू शकतो. 'दावे-आपत्ति आमंत्रित' अशा मथळ्याच्या किती जाहीर सूचनांवर मी सह्या केल्या असतील! तिथे आपत्ति म्हणजे हरकत. घरी मात्र आपत्तींना कोणी आमंत्रण देत नसे. इकडच्या न्यायालयात 'राजीनामा झाला' म्हणजे दोन पक्षांत तडजोड झाली. महाराष्ट्रातला पाहुणा ते ऐकून कोणाची नोकरी गेली, अशी चौकशी करतो. संसार, चेष्टा, खाली हे शब्दही असेच दोन घरी दोन वेशांत वावरणारे.

आपल्यासारख्या, पिढ्यानपिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांना हे कोणी शिकवलेले नसते. पाच वर्षांचे मूल अंगणात 'खाली' एका अर्थाने वापरते आणि उंबरठ्याच्या आत दुसऱ्या. शब्द कोणाच्या तोंडी आहे, कुठे आहे, शेजारी कोणते शब्द आहेत, हे पाहून ते अर्थ ठरवते. परीक्षेला जे आकलन हवे असते ते याहून फारसे निराळे नाही. अडचण एवढीच, की इंग्रजी उतारा समोर आला की आपण ही सवय बाजूला ठेवतो आणि यादीतला एकच अर्थ शब्दाला डकवू पाहतो.

मी पुतणीला तीन शब्द दिले. पहिला 'सँक्शन'. तिच्या यादीत अर्थ होता मंजुरी, आणि कचेरीतही तोच. पण एका देशाने दुसऱ्यावर लादलेले सँक्शन म्हणजे निर्बंध. दुसरा 'ओव्हरसाइट'. याचा अर्थ देखरेख असा होतो आणि नजरचूक असाही. तिसरा 'टेबल'. ब्रिटिश संसदेत एखादा प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे तो चर्चेला मांडला. अमेरिकेत तेच म्हटले तर चर्चा लांबणीवर टाकली. हे ऐकून ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे हीसुद्धा शिक्षाच!" कोणत्या भाषेतली शिक्षा, हे मी विचारले नाही.

त्या दिवसापासून यादी मागे पडली. रोज वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचा एक परिच्छेद घ्यायचा, अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी वाक्यावरून ताडून वहीत लिहायचा आणि मगच कोश उघडायचा, असा क्रम ठरला. माझ्या कपाटात फादर कामिल बुल्के यांचा १९६८ सालचा 'अंग्रेजी-हिंदी कोश' आहे आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे पुनर्मुद्रणही आहे. बेल्जियमहून आलेल्या धर्मगुरूने हिंदीचा आणि कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने मराठीचा एवढा विचार केला, याचे तिला नवल वाटले. मोल्सवर्थ आम्ही उलटा वापरला. परिच्छेद वाचून मराठी शब्द सुचला की तो त्या कोशात काढायचा आणि त्यापुढे इंग्रजीच्या किती छटा दिल्या आहेत ते पाहायचे. एका मराठी शब्दातून चार इंग्रजी शब्द हाती लागत, आणि ते विसरत नसत.

उतारे सोडवताना दुसरीच गोष्ट ध्यानात आली. भूजलावरच्या एका उताऱ्याखाली चार पर्याय होते. पावसाचे पाणी जिरवावे, हा पर्याय तिने निवडला. तो खरा होता, भूगोलात तिने तो शिकलाही होता. पण उताऱ्यात त्याचा उल्लेख नव्हता. उत्तरे केवळ उताऱ्याच्या आधारे द्यावीत, अशी सूचना पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत दिलेली असते. हा नियम मला चांगला परिचयाचा. अपिलाचा निर्णय लिहिताना गावात काय बोलले जाते, हे कितीही ठाऊक असले तरी आदेश अभिलेखावर असेल त्यावरच काढावा लागतो. तसेच 'मे' आणि 'शॅल' यांचे. एकात अधिकाऱ्याला मुभा, दुसऱ्यात बंधन. एवढ्याशा शब्दावर आदेश टिकतात किंवा रद्द होतात. पर्यायांत 'नेहमी', 'फक्त', 'सर्व' असे शब्द आले की थांबून उताऱ्याकडे परत जावे, हे तिला त्यावरून पटले.

आता दुसऱ्या प्रश्नपत्रिकेविषयी. सारांश मूळच्या एक तृतीयांश शब्दांत लिहायचा असतो. ती तो इंग्रजीत लिही आणि मी तोच मराठीतही लिहून घेई, कारण मराठीत सांगता आला तरच उतारा कळला, असे मला वाटे. दोन-तीन महिन्यांनी तिनेच विषय काढला, "काका, भारतीय भाषा म्हणून मराठी घेऊ?" धाकट्या भावाला हे पसंत नव्हते. तिचे सारे शिक्षण हिंदी आणि इंग्रजीत झालेले; जिथे नापास झाले तर सगळेच वाया, तिथे हे धाडस कशाला, असे त्याचे म्हणणे. ते चुकीचे नव्हते. मी सल्ला दिला नाही. मराठीची एक जुनी प्रश्नपत्रिका मिळवली आणि तीन तास घड्याळ लावून तिला बसवले. 'पाणी'चे 'पानी' झाले होते, काही 'ळ' आपले 'ल' होऊन बसले होते आणि ऱ्हस्व-दीर्घाची दैना होती. पण आकलन आणि दोन्ही बाजूंचे भाषांतर स्वच्छ उतरले होते. ती वही भावाने पुन्हा पुन्हा चाळली आणि मग म्हणाला, "शुद्धलेखन मी घेतो."

अर्जात तिने मराठी लिहिले. हल्ली संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो की बाप-लेक शुद्धलेखनाची वही घेऊन बसलेले दिसतात. या प्रश्नपत्रिकेचे गुण क्रमवारीत धरले जाणार नाहीत, हे दोघांनाही माहीत आहे. आमच्या घरात मराठी लिहिणारा मीच शेवटचा, अशी माझी समजूत होऊ लागली होती. त्या वहीत आता तिचे अक्षर आहे, आणि त्याखाली लाल शाईत भावाचे.