हरिहरेश्वरची निर्गुडी

सावित्री नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या उत्तर तीरावर हरिहरेश्वराचें क्षेत्र वसलेलें आहे. पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला दिसतो, आणि बागमांडल्याच्या धक्क्यावरून माणसें व मोटारी घेऊन फेरीबोट वेसवीकडे ये-जा करीत असते. आज हें गांव रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांत आहे. १९४८ सालापर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानांत मोडत होता. पेशव्यांचें मूळ गांव श्रीवर्धन येथून जवळच, आणि त्यांचें कुलदैवतही हेंच. अद्यापि कित्येक चित्पावन घराण्यांत लग्नमुंजीचें कार्य उरकलें कीं हरिहरेश्वर व योगेश्वरी यांच्या दर्शनास जाण्याची चाल आहे. आम्ही अशाच निमित्तानें, लहानथोर मिळून अकरा मंडळी, पावसाळा सरतां सरतां तेथें गेलों होतों.

दर्शनाचा क्रम येथें परंपरेनें ठरलेला आहे. प्रथम काळभैरव, नंतर हरिहरेश्वर, आणि परततांना पुन्हां काळभैरव. प्रदक्षिणेची वाट देवळामागून टेकडीवर चढते आणि दोन कड्यांमधील अरुंद घळींतून पायऱ्यांनीं थेट समुद्राशीं उतरते. लाटांनीं व खाऱ्या वाऱ्यानें तेथील कातळाला मधाच्या पोळ्यासारखीं छिद्रें पाडलेलीं आहेत. तीं पाहत कितीही वेळ उभें राहिलें तरी मन भरत नाहीं. मात्र भरतीच्या वेळीं या वाटेनें मुळींच जाऊं नये. ओहोटी केव्हां लागते हें गांवांत विचारून मगच पाऊल टाकावें. लाटेनें माणसें ओढून नेल्याच्या दुर्घटना येथें घडलेल्या आहेत.

काळभैरव हा भूतपिशाचांचा नियंता, अशी आपल्याकडे सर्वत्र श्रद्धा आहे. त्यामुळें त्याच्या देवळाच्या पायरीशीं बसलें कीं बायकांच्या बोलण्यांत दृष्ट, बाधा, झपाटणें हे विषय सहज निघतात. आमच्या मंडळींतही तसेंच झालें. एक सूनबाई कांहीं महिन्यांपासून निद्रानाशानें कष्टी होत्या. त्यांच्या पिशवींत लव्हेंडरच्या तेलाची बाटली होती. रात्रीं उशीवर दोन थेंब टाकावे, असें त्यांना कोणीं सुचविलें होतें. ती बाटली हुंगून आमच्या आत्याबाई कांहीं न बोलतां उठल्या, आणि वाटेवरच्या एका वाडीच्या कुंपणावरील चार पानें चुरगळून त्यांनीं सर्वांच्या नाकाशीं धरलीं. तो उग्र, कडवट वास कोंकणांत वाढलेल्या माणसास सांगावा लागत नाहीं. तीं पानें निर्गुडीचीं होतीं.

आत्याबाईंस वनस्पतिशास्त्र ठाऊक नाहीं. परंतु त्यांची निवड शास्त्रासही मान्य होण्यासारखी आहे. लव्हेंडर ही तुळशीच्या कुळांतील वनस्पति. सब्जा, मरवा, पुदिना हीं त्याच कुळांतील. निर्गुडी व साग हीं झाडें पूर्वीं वेगळ्या कुळांत घालीत; आतां वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तींही तुळशीच्याच कुळांत आणलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर खुद्द लव्हेंडरच्या जातीच्या रानवनस्पति आपल्या महाराष्ट्रांत उगवतात. दख्खनच्या माळांवर आढळणारी घोडेघुई ही त्यांपैकीं एक. दुसरी सह्याद्रींतील जाति १८३९ साली जॉन ग्रॅहॅम यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचींत नोंदली गेली, आणि पुढें या इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेल्या अलेक्झांडर गिब्सन यांचें नांव तिला मिळालें. अत्तरवाल्यांचा लव्हेंडर मात्र भूमध्य समुद्राकडील कोरड्या, खडकाळ डोंगरांचा रहिवासी. कोंकणचा पाऊस त्यास सोसणार नाहीं. आपल्या देशांत त्याचें बस्तान बसलें तें जम्मूकडील भद्रवाहच्या थंड डोंगरउतारांवर. तेथील शेतकरी मका सोडून आतां त्याचें पीक घेतात.

युरोपांतील लव्हेंडरच्या लोकसमजुती आणि आपल्या निर्गुडीचे घरगुती उपयोग शेजारीं शेजारीं ठेवले, तर वाचकांस मौज वाटेल. तिकडील गृहिणी वाळलेलीं फुलें कपड्यांच्या कपाटांत ठेवीत, म्हणजे कसर लागत नसे. आपल्या आज्या निर्गुडीचा पाला धान्याच्या कणगींत, लोकरीच्या कपड्यांत व पोथ्यांच्या बासनांत घालीत. तिकडे डोकें दुखलें, झोंप आली नाहीं, तर फुलें भरलेली उशी घेत. इकडे पडसें व डोकेदुखी यांवर निर्गुडीच्या वाळल्या पानांची उशी करीत. लव्हेंडर हें नांव 'धुणें' या अर्थाच्या लॅटिन धातूशीं जोडलें जातें, कारण तें स्नानाच्या पाण्यांत घालीत. आमच्याकडे बाळंतिणीच्या न्हाणीच्या पाण्यांत निर्गुडीचा पाला उकळतात. उन्हाळ्यांतील सेंट जॉनच्या सणाच्या रात्रीं तिकडील लोक दारावर लव्हेंडरची जुडी टांगीत व होळींत टाकीत, कीं दुष्ट शक्ति घराबाहेर राहाव्या. आपल्याकडे तिन्हीसांजेस धुरी फिरवितांना म्हाताऱ्या माणसांच्या मनांत याहून निराळें काय असतें? निर्गुडीच्या धुरानें डांस पळतात हें तर कोणासही पडताळून पाहतां येईल. मग डांस कोणते आणि भुतें कोणतीं, याची निवड ज्यानें त्यानें करावी!

निर्गुडी या नांवाची फोड आपले वैद्य 'शरीराचें रोगांपासून रक्षण करणारी' अशी करतात. सुजलेल्या सांध्यांवर गरम पानें बांधणें व तिचें तेल चोळणें हे उपाय सर्वश्रुत आहेत. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक्' ग्रंथानें अशा औषधींची माहिती मराठी घरांत पोहोंचविली, आणि विल्यम डायमॉक यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोंकणांतील कित्येक झाडपाल्यांचे उपयोग आपल्या ग्रंथांत टिपून ठेवले. सुवासाच्या चिकित्सेकडे पाश्चात्त्य जगाचें लक्ष पुन्हां वेधलें तें फ्रान्समधील गॅटफॉसे या रसायनज्ञामुळें. १९१० साली प्रयोगशाळेंत हात भाजल्यावर त्यांनीं लव्हेंडरचें तेल वापरलें, आणि १९३७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. लव्हेंडरच्या तेलांतील लिनालूल नामक द्रव्य आपल्या सब्जाच्या तेलांतही असतें. जपानांतील कागोशिमा येथील संशोधकांनीं २०१८ साली दाखवून दिलें कीं, या द्रव्याच्या वासानें उंदरांची भीति ओसरते. परंतु ज्यांचें घ्राणेंद्रिय निकामी केलें होतें, त्यांच्यावर कांहींच परिणाम होत नाहीं. म्हणजे सुवासाचा मार्ग नाकावाटे मनाकडे जातो, या म्हाताऱ्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें.

परंतु वाचकहो, जुनें तें सारें सोनें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. बाळगुटींत वेखंड उगाळण्याची चाल आपल्या घरोघरीं आहे. त्यांतील एका द्रव्याच्या दोषामुळें अमेरिकेनें १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास मनाई केली. तेव्हां डॉक्टरांस विचारल्याशिवाय तें बाळाच्या पोटांत जाऊं देऊं नये. सुवासिक तेलेंही हुंगावयाचीं, प्यावयाचीं नव्हेत. कोंडलेल्या खोलींतील धुरीनें तान्ह्या बाळाच्या छातीस अपाय होतो, हेंही ध्यानीं ठेवावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट झपाटलेल्या म्हटल्या जाणाऱ्या माणसाची. एकत्र कुटुंबांत हें माणूस बहुधा एखादी सूनच असते. ती जागी राहते, घुमते, एकटीच रडते, अन्न टाकते. आणि घरचे तिचें दुःख विचारण्याऐवजीं तिच्या अंगांत कोण शिरलें आहे हें विचारीत बसतात. सुगंधी पाल्याची धुरी मोकळ्या जागेंत एक वेळ चालेल; परंतु त्याच धुरीच्या पुढच्या पायरीवर मिरच्यांची धुरी असते, आणि तिच्यापुढें दोरी व काठी. महाराष्ट्रानें २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत उतरविण्याच्या नांवाखालीं बांधून ठेवणें, मारणें, मिरच्यांची धुरी देणें हा गुन्हा ठरविला आहे. काळभैरवाचें दर्शन घ्यावें, नवस करावा, त्यास आमची ना नाहीं. पण देवळांतून निघालें कीं मनाच्या डॉक्टरांचें दार गाठावें, आणि घरीं त्या मुलीस दुपारची झोंप व कोणीतरी ऐकून घेणारें माणूस द्यावें. आमच्या सूनबाईंच्या निद्रानाशाचें कारण घरांतील थोरांनीं त्या मुक्कामांत प्रथमच शांतपणें ऐकून घेतलें. पहांटे चारपासून मध्यरात्रीपर्यंत त्यांच्यावर पडणारें काम हेंच त्याचें मूळ होतें, आणि त्याची वांटणी तेथेंच ठरली.

श्रीवर्धनच्या या टापूवर ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आदळलें आणि रोठा सुपारीच्या पिढीजाद वाड्या एका दिवसांत आडव्या झाल्या. पोफळ फळावर यावयास वर्षांनुवर्षें लागतात. निर्गुडीचें तसें नाहीं. ती तोडली तरी बुंध्यापासून पुन्हां फुटते, फांदी खोंचली तरी रुजते, आणि तिच्या वासामुळें गुरें तिला तोंड लावीत नाहींत. म्हणूनच ती कुंपणासाठीं शोभते. कुंपणाच्या जागीं सिमेंटची भिंत आली कीं मात्र तिला थारा उरत नाहीं, आणि तिच्याबरोबर तिचे उपयोग सांगणारें माणूसही गप्प होतें. ज्यांच्या अंगणांत हातभर जागा असेल त्यांनीं तुळशीजवळ तिची एक फांदी खोंचावी, आणि घरांत आजी असेल तर तिला तिच्याविषयीं जें जें ठाऊक आहे तें एका वहींत उतरून घ्यावें. पुढें त्यांतील कोणतें पाळावयाचें व कोणतें सोडावयाचें, हें मुलें शहाणपणानें ठरवितील.