उन्हात टिकणारा लाल

वऱ्हाडात लेबल छापणाऱ्याचं वर्ष होळीनंतर सुरू होतं. सोयाबीन, तूर, कपाशीच्या बियाण्याचं पॅकिंग तेव्हा भरात येतं, मेअखेरपर्यंत माल कृषी केंद्रांत पोचायला हवा असतो, आणि प्रत्येक पिशवीवर, बाटलीवर, डब्यावर काही ना काही चिकटवायचं किंवा शिवायचं असतं. महाबीजचं मुख्यालय अकोल्यात, बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेचंही अकोल्यात, कृषी विद्यापीठ १९६९ पासून इथलंच. एमआयडीसीत डाळ मिल आणि तेलवाले. अमरावतीकडे नांदगाव पेठेतले कापड कारखाने, त्यापलीकडे वरुड-मोर्शीची संत्री. या सगळ्यांना लेबल लागतं, आणि ते मुंबई, वापी किंवा शिवकाशीहून मागवणं कुणालाही कठीण नाही. मोठ्या संख्येत ते तिथे स्वस्तच पडतं. मग घरच्या प्रेसला इथे जागा का असावी, हा प्रश्न आमच्याकडे दर नव्या मशीनच्या वेळी निघतो.

आमचा प्रेस ट्रेडलवर सुरू झाला. लग्नपत्रिका, बिलबुकं, अडतीच्या पावत्या हे रोजचं काम. लेबल कधीमधी एखाद्या तेलवाल्याचं. बाबांनी ऑफसेट आणलं, त्यानंतर काकांनी रोलवर लेबल छापणारं फ्लेक्सो. त्यावरून दोघांचं बरंच वाजलं, कारण फ्लेक्सो घ्यायचं म्हणजे पत्रिकांचं काम सोडायचं होतं, आणि पत्रिकेचं गिऱ्हाईक रोख पैसे देतं. काका हटले नाहीत. आज मागे पाहताना मला वाटतं, आमची खरी वाढ तिथून झाली. काम कमी प्रकारचं झालं आणि त्या थोड्या प्रकारांत आम्ही खोल उतरलो.

खोल म्हणजे काय, ते सांगते. चिकटलेबलात वर कागद किंवा फिल्म, तिच्या पाठीला गम, आणि त्याखाली सिलिकॉन लावलेला लायनर असतो. अमेरिकेत स्टँटन एव्हरींनी १९३५ मध्ये असली लेबलं करायला सुरुवात केली, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. डायच्या पात्याने वरचा कागद आणि गम कापावा आणि लायनरवर थांबावं. याला आम्ही हाफ कट म्हणतो. पातं किंचित खोल गेलं तर पार्टीच्या मशीनवर लायनर तुटतो आणि बाटल्यांची लाइन खोळंबते. कमी पडलं तर लेबल सुटतच नाही. इथवरचं ज्ञान जगात सगळीकडे सारखं आहे.

वऱ्हाडाचं वेगळेपण उन्हात आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि टिनाच्या गोदामातली गरमी त्याहून जास्त. थंड गोदामाच्या हिशेबाने निवडलेला गम इथे मऊ पडतो, रोलच्या कडेने पाझरतो, त्यावर धूळ बसते आणि रोल उलगडताना थर एकमेकांना सोडत नाहीत. तोच कागद जुलैच्या दमट हवेत कडांनी वळतो. म्हणून नवा माल घेतला की त्याचा एक रोल आम्ही पत्र्याखाली ठेवून देतो आणि उन्हाळा त्याला काय करतो ते बघतो. तेलवाल्याकडे तर आधी डबे भरताना पाहायला जातो. भरलेल्या डब्याच्या अंगावर तेलाचा हात फिरलेला असतोच, आणि कोरड्या पत्र्यावर पक्कं बसणारं लेबल तिथे संध्याकाळपर्यंत सरकतं. हे कोटेशनमध्ये लिहिता येत नाही. पण एका सीझनला नीट टिकलेलं लेबल पुढच्या सीझनला दराची घासाघीस बरीच कमी करतं.

कीटकनाशकाच्या लेबलाबद्दल मी जरा हळवी आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लेबलावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन हवा, लेबलाच्या दर्शनी क्षेत्राच्या सोळाव्या भागाहून लहान नाही. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग: अतिजहाल विषाला लाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षर न वाचणाऱ्यालाही कळावं म्हणून ही योजना आहे. आता किंमत कमी करायची तर हा लाल रंग किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या ठिपक्यांतून जमवता येतो. प्रूफवर तो सुंदर दिसतो. कृषी केंद्राच्या उन्हाकडच्या फळीवर मात्र तेच दोन रंग आधी उडतात, आणि विषाची खूण फिकी गुलाबी होऊन बसते. आम्ही त्या त्रिकोणासाठी उन्हात टिकणारी वेगळी लाल शाई वापरतो. त्यासाठी एक प्लेट आणि एक युनिट जास्त लागतं, दर वाढतो, आणि काही पार्ट्या त्यामुळे जातात. जाऊ देतो. हा खर्च वाचवायचा नाही, हे घरात ठरलेलं आहे.

मराठी अक्षराचंही तसंच. फ्लेक्सोत प्लेट दाबली जाते, शाई पसरते, आणि देवनागरीचं पोट रोमनपेक्षा लवकर भरतं. बारीक टाइपात ‘घ’ आणि ‘ध’ सारखे दिसू लागतात, रफार शिरोरेषेत बुडतो, अनुस्वार नाहीसा होतो. रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं ठेवली तर अवस्था आणखी वाईट. डिझाइन बहुधा परगावाहून इंग्रजी डोळ्याने केलेलं येतं आणि मराठी मजकूर उरलेल्या जागेत कोंबलेला असतो. आमच्या मशीनवरचे भाऊ असं प्रूफ हातात धरतात आणि विचारतात, “वावरात चष्मा घालून कोण जाते बाई?” मग आम्ही पार्टीला फोन करतो, लोगो थोडा लहान करायला सांगतो, पांढऱ्यावर काळं मागतो, मात्रांना श्वास मिळेल असा टाइप सुचवतो. बहुतेक जण ऐकतात.

अशा वेळी मला जावजी दादाजी आठवतात. मुंबईत १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला, पण त्याआधीच टाइप ओतण्याचा स्वतःचा कारखाना उभा केला होता. राणोजी रावजी आरू यांच्या हातचे ठसे, आणि बारीक आकारातही स्वच्छ उठणारी जोडाक्षरं, ही त्या छापखान्याची पुंजी होती. १८९२ मध्ये जावजी गेले आणि पुढे मुलाने, तुकाराम जावजींनी, तो सांभाळला. मशीन पैसे असले की कुणीही आणतं. निर्णयसागरचं अक्षर दुसऱ्याला विकत आणता येत नव्हतं. घरच्या छापखान्याची याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात वऱ्हाडातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती: औषधांची मिश्रणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नसणं. लेबल चांगलं असतं तर ते वाचले असते, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण ‘मिली’मधली वेलांटी स्पष्ट उठली की नाही, हे त्या वर्षापासून आमच्याकडे प्रत्येक कामात दोन वेगवेगळ्या माणसांच्या डोळ्यांखालून जातं. बियाण्याच्या आकड्यांचंही तसंच करतो. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के हवी. त्या आकड्यावर विसंबून माणूस एकरी किती बियाणं पेरायचं ते ठरवतो.

पैशाचं थोडक्यात सांगते. कागदवाल्याला लवकर द्यावे लागतात, बियाणेवाले हंगाम उलटल्यावर देतात. चांगला चाललेला प्रेस याच फटीत बुडतो. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत देण्याचा कायदा २००६ चा, पण त्याला खरा जोर आला तो आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळे: मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यामुळे मार्चमध्ये फोन उचलले जाऊ लागले आहेत. तरी एका पार्टीवर निम्मा धंदा टेकू द्यायचा नाही, ही बाबांची शिस्त आम्ही मोडलेली नाही.

सध्याचा प्रश्न क्यूआरचा आहे. बियाण्याचा माग ठेवणारं केंद्राचं ‘साथी’ पोर्टल एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालं, आणि पिशवीगणिक वेगळा कोड छापण्याची मागणी वाढते आहे. फ्लेक्सोची प्लेट एकच चित्र पुन्हा पुन्हा उठवते, तिला हे जमत नाही. पूर्ण डिजिटल मशीन घ्यायचं तर कर्ज मोठं, आणि लांब रनला ते महागच पडतं. दुसरा मार्ग, आहे त्या फ्लेक्सोवर इंकजेट हेड बसवायचं: रंग प्लेटने, कोड हेडने. माझा कौल दुसऱ्याला होता. काकांनी एका अटीवर होकार दिला. प्रत्येक कोड कॅमेऱ्याने वाचायचा, आणि नापास झालेलं लेबल, पार्टीची गाडी दारात उभी असली तरी, रोलमधून कापून काढायचं. त्यासाठी रिवाइंडिंगवर एक माणूस वाढवावा लागला. आम्ही मूर्तिजापूरचा मुलगा घेतला आहे. छपाई त्याला शिकवावी लागेल, पण तो डाळ मिलच्या पॅकिंगवर राहिलेला आहे, आणि धावत्या पट्ट्यावर पिशवीला लेबल बसतं तेव्हा काय काय बिघडतं, ते त्याने आमच्यापेक्षा जास्त पाहिलं आहे.