कर्णधार संघाला किती उंचावतो?

"सर, कॅप्टन भारी असला की टीम जिंकतेच ना?" असं मुलं विचारतात. मी आपल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेचं उदाहरण देतो.

डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत गारद झाला. कोहली मायदेशी परतला. मेलबर्नला रहाणेने कर्णधार म्हणून ११२ धावा केल्या. जडेजासोबत धाव घेताना धावबाद झाला, तरी चिडला नाही. उलट जडेजालाच धीर दिला.

ब्रिस्बेनला मात्र त्याच्या धावा फक्त ३७ आणि २४. तिथे लढले गिल, पुजारा, पंत आणि नवखे सुंदर, ठाकूर. मालिका २-१ ने जिंकली.

म्हणजे धावा ज्याच्या त्यानेच काढायच्या. कर्णधार चुकण्याची भीती कमी करतो. पालकहो, मॉनिटर निवडताना मी मार्क बघत नाही. शेजारचा चुकला की हा हसतो की सांगतो, ते बघतो.