भाट्याचा उतार आणि पंचवीस हजारांची सायकल

रत्नागिरीहून पावसकडे निघाले की काजळी नदीवरचा भाट्याचा पूल लागतो. पहाटे या पुलावर क्षणभर थांबावे. एका बाजूस राजिवड्याच्या होड्या, समोर खाडीचे मुख आणि पलीकडे सुरूचे बन. बन आणि नारळ संशोधन केंद्राचा परिसर मागे पडला की रस्ता चढू लागतो आणि गोळपच्या सड्यावर नेऊन सोडतो. तेथून पुढे पावसपर्यंत जांभा दगड, काजू, आंब्याच्या बागा आणि खारा वारा. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीस्थानामुळे पावस महाराष्ट्रास परिचित आहे. मला मात्र हा रस्ता प्रथम वडिलांच्या सायकलीमुळे परिचित झाला.

वडिलांचे कापडाचे लहानसे दुकान होते. काळ्या सायकलीच्या मागील कॅरिअरवर गाठोडे बांधून ते पावसपर्यंत उधारी वसूल करावयास जात. चढावर सायकल हाताने ढकलत आणि उतारावरही खाली उतरून चालत. लहानपणी मला त्याचे हसू येई. "ब्रेकवर विश्वास ठेवण्याआधी ब्रेक पाहावा," एवढेच ते म्हणत. बँकेत पस्तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासताना मी हेच वाक्य निराळ्या शब्दांत वापरले. घरात मात्र विसरलो.

दोन वर्षांपूर्वी नातवाच्या बाराव्या वाढदिवसानिमित्त मी त्यास सायकल घेऊन दिली. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, जाड टायर, भडक रंग. किंमत नऊ हजार. दुकानदाराने स्तुती केली आणि मी पावती घेतली. तिसऱ्या महिन्यात भाट्याच्या उतारावर तिची ब्रेकची तार निसटली. मुलगा कठड्याला धडकला. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. सून मला एका शब्दानेही बोलली नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले. हाड सांधले, परंतु मुलगा पुन्हा सायकलीवर बसेना. ती सायकल पाहिली की तो दुसऱ्या खोलीत जाई.

अखेर मी ठरविले की त्यास उपदेश करण्यापेक्षा आपण स्वतःच सायकल शिकावी. म्हणजे नव्याने, डोळे उघडे ठेवून. वय चौसष्ट, रक्तातील साखर थोडी वाढलेली, गुडघे कुरकुरणारे. अंदाजपत्रक पंचवीस हजार. त्याहून एक रुपया अधिक नाही.

प्रथम कळले ते हे की दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा ही स्वस्त सायकलीतील सर्वांत महाग चूक होय. चढावर पायडल मारताना शरीराची शक्ती मागील स्प्रिंग दाबण्यात वाया जाते, वजन वाढते, सांध्यांत लवकर खेळ निर्माण होतो. उत्तम प्रतीची अशी सायकल असते, पण ती आपल्या अंदाजपत्रकाच्या कित्येक पट. त्याच पैशात जिच्या पुढच्या काट्यालाच स्प्रिंग आहे आणि मागचा सांगाडा एकसंध आहे, ती सायकल घ्यावी. इंग्रजीत तिला हार्डटेल म्हणतात. आपल्या सड्यावरच्या पायवाटांना, गोट्यांच्या रस्त्यांना आणि खड्ड्यांना ती पुरेशी आहे.

या सायकलीचा जन्मही ब्रेकशी जोडलेला आहे. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जड सायकली डोंगरावरून खाली पळवीत. एका उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. पहिली शर्यत १९७६ च्या ऑक्टोबरात झाली. पुढे वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, या प्रकारास स्थान मिळाले.

खरेदीसाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला भाच्याकडे गेलो, कारण तेथे चार दुकाने पाहता येतात. कागदावर तपासणीचे मुद्दे लिहून नेले होते. सांगाडा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा हवा. समुद्राकाठी लोखंड लवकर गंजते. माप स्वतःच्या उंचीचे हवे : सायकल दोन पायांमध्ये धरून उभे राहिले असता वरची दांडी आणि शरीर यांत दोन-तीन इंच अंतर राहिले पाहिजे. सीट इतकी उंच की पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. माझे गुडघे निम्मे या एका गोष्टीने शांत झाले.

गिअरच्या संख्येस भुलू नये. पुढे तीन, मागे सात म्हणजे एकवीस खरे, पण त्यांतील बरेच एकमेकांसारखेच असतात. पाहावयाचे ते सर्वांत हलके गिअर. पुढे चोवीस दाते आणि मागे चौतीस असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे पाऊण फेराच फिरते आणि गोळपचा चढ बसूनच चढता येतो. ब्रेक दोन्ही चाकांना डिस्कचे घेतले. पावसात रिमवरच्या रबरापेक्षा ते अधिक भरवशाचे. तेलाचे ब्रेक हाताला हलके लागतात, परंतु तारेचे ब्रेक आपल्या गल्लीतील मिस्त्रीही जुळवू शकतो आणि तार स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते. मी तारेचे घेतले.

हिशेब असा झाला : सायकल १८,५००, हेल्मेट १,८००, हातमोजे ४५०, पुढचा व मागचा दिवा ९००, पंप ७००, पंक्चरचे साहित्य व पाने ६००, कुलूप ४५०, बाटली व तिची कडी ३००, मडगार्ड ५००, सुट्या ट्यूब व ब्रेकच्या तारा ८००. एकूण २५,०००. सीट आणि हातमोजे यांत चामडे नाही, हे आपल्या घरात वेगळे सांगावयास नको. कृत्रिम कापडाचे स्वस्तही पडतात आणि धुताही येतात. हेल्मेटमध्ये मात्र काटकसर केली नाही. आत सायकल हेल्मेटच्या मानकाचा, म्हणजे ईएन १०७८ चा, शिक्का पाहिला आणि डोक्यावर घालून पट्टा न लावता मान हलविली. जे हलले नाही ते घेतले. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे, हेही ध्यानात ठेवावे.

समुद्राकाठी एक खर्च कायमचा असतो, तो कष्टाचा. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने सायकल पुसावी, चेन कोरडी करून थेंबभर तेल द्यावे आणि जास्तीचे टिपून घ्यावे. डिस्कवर तेल उडू देऊ नये, नाहीतर ब्रेक धरत नाही. पावसाळ्यात सड्यावर जाऊ नये. जांभ्यावर शेवाळ चढते आणि जाड टायरही तेथे निरुपयोगी ठरतो.

पहिला महिना मी पुलापर्यंतच गेलो. दुसऱ्या महिन्यात चढ अर्धा बसून, अर्धा ढकलत. तिसऱ्या महिन्यात गोळपला पोहोचलो आणि परतताना भाट्याच्या उतारापाशी आलो तेव्हा पाय आपोआप जमिनीवर टेकले. वडिलांप्रमाणे मीही तो उतार चालत उतरलो. हे नातवाला सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, तुम्हालाही भीती वाटते?" मी म्हटले, "वाटते. म्हणून तर रोज ब्रेक पाहतो." त्या संध्याकाळी मी तारा तपासत बसलो असता तो शेजारी येऊन बसला आणि पान्याने बोल्ट कसा आवळतात, हे विचारू लागला.

गेल्या रविवारी सुनेने स्वतःच त्याच्या डोक्यावर हेल्मेटचा पट्टा बांधला. त्याची जुनी सायकल आम्ही भंगारात दिली होती. त्याच्यासाठी वर्गमित्राची पुढच्या स्प्रिंगचीच सायकल मागून आणली. निघण्यापूर्वी त्याने दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, तारांची टोके पाहिली, चाके फिरवून पाहिली. चढ आम्ही दोनदा थांबत चढलो. सड्यावर बाटलीतले पाणी प्यायलो. परतीच्या वाटेवर उताराच्या माथ्याशी तो थांबला, उतरला आणि कठड्यापर्यंतचा तो तुकडा सायकल हातात धरून चालला. मी काही बोललो नाही. कठडा मागे गेल्यावर तो पुन्हा बसला, दोन्ही हातांनी ब्रेक हलकेच धरून सावकाश पुलापर्यंत आला आणि तेथे माझी वाट पाहत थांबला.

आता त्याच्या सायकलीसाठी दुसरे अंदाजपत्रक तयार करीत आहोत. आकडे या वेळी तोच लिहीत आहे.