दोन पोती, एकच ४६

मृगाच्या तोंडावर सेनगावातल्या कृषी सेवा केंद्रासमोर युरिया आणि डीएपीची पोती शेजारी शेजारी रचली जातात. दोन्हींवर ४६ हा आकडा असतो. युरियावरचे ४६ सरळ आहेत: शंभर किलोत ४६ किलो नत्र, तेही नुसत्या नत्राच्या अणूंचं वजन. डीएपीवरच्या १८:४६:० मधले ४६ मात्र स्फुरदाचे नाहीत. ते स्फुरदाच्या ऑक्साइडचे आहेत, आणि तो ऑक्साइड पोत्यात मुळी नसतोच. जुने रसायनज्ञ खनिजाचं पृथक्करण ऑक्साइडांत मांडत, तो हिशेब खताला चिकटून राहिला. ऑक्सिजन वजा केला तर ५० किलोच्या पोत्यात स्फुरद भरतो जेमतेम दहा किलो. गंमत म्हणजे, दोन स्फुरद आणि पाच ऑक्सिजन असं जे सूत्र लिहितात ते नुसतं प्रमाण. त्या ऑक्साइडच्या खऱ्या रेणूत चार आणि दहा अणू असतात.

शाळेत अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग हे फडताळातल्या चार डब्यांसारखे मांडतात, ते मला पटत नाही. प्रश्न दोनच आहेत. अणू एका जातीचे की अनेक? आणि सुटे की जोडलेले? म्हणून हवेतलं नत्र मूलद्रव्यही असतं आणि रेणूही. कुणी म्हणेल, शेतकऱ्याला याचं काय? शिफारसही त्याच ऑक्साइडच्या मापात येते, हिशेब जुळतो. जुळतो खरा. पण जमिनीला स्फुरद कमी पडलाय असं आपण म्हणतो, तो स्फुरद निव्वळ मूलद्रव्य म्हणून कुणी शेतात टाकेल का? पांढरा स्फुरद जालीम विष, तिशीच्या पुढे हवेत आपोआप पेटणारा. सेनगावच्या वैशाखात तो बांधापर्यंतही पोचायचा नाही. संयुगात शिरताना अणू तोच राहतो, स्वभाव मात्र बाहेर राहतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: प्रत्येक संयुगाला रेणू असतोच का? नाही. पोटॅशचा खडा हातात घ्या. पोटॅशियम आणि क्लोरिनचे आयन त्यात एकाआड एक रचलेले. अमुक जोडी म्हणजे एक रेणू, असं बोट ठेवायला जागाच नाही.

आणि नत्र? हवेत ते ७८ टक्के आहे. तरी हळद पिवळी पडते, कारण दोन अणूंची ती तिहेरी गाठ पिकाला सुटत नाही. हाबर आणि बॉश यांच्या पद्धतीने ती सोडवायला शेकडो अंशांची उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. १९१३ मध्ये जर्मनीत त्याचा कारखाना सुरू झाला. सोयाबीनच्या मुळावरचे जिवाणू तेच काम मातीच्या गारव्यात करतात. फुलोऱ्यातलं झाड हलकेच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, की काम चालू असेल तर ती आतून गुलाबी दिसते.