दहा बाइट

रात्री पावणेदोनला आबांचा फोन. "काय रं, पाणी घेतीय का मोटर?"

"कळंना. पाच मिनिटं थांबा."

थांबतात कसले! आमचं रान इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अंगाला. मोटर उजनीच्या फुगवट्यावर. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, फुटव्हॉल उघडा पडतो, मोटर कोरडी फिरते. त्या आठवड्यात थ्री-फेज लाइट रात्रीची होती. अंधारात साप-विंचवातून त्यांनी जाऊ नये म्हणून मी स्टार्टरच्या पेटीत सिमवालं यंत्र बसवलं होतं. मोटर किती अँपिअर ओढतेय ते दर दहा सेकंदांनी सर्व्हरला जातं. सर्व्हर ते जीझिपने दाबून बारामतीतल्या माझ्या लॅपटॉपला सोडतो आणि लॅपटॉप आबांना मेसेज करतो. एवढ्याशा निरोपाला दाबायची गरज नव्हती. हौस माझीच.

संध्याकाळी पायथॉनने 'इनकरेक्ट हेडर चेक' म्हणून हात वर केले होते. ते सोपं निघालं. झेडलिब मुळात स्वतःचं हेडर शोधतं, जीझिपचं वेगळं असतं. 'डब्ल्यूबिट्स' ३१ दिलं, एरर गेली. मी खूश होऊन झोपलो.

आता एररही नव्हती आणि डेटाही नव्हता. उलगडणाऱ्या कोडवर अर्धा तास घातला. मग वैतागून तारेवरून आलेले कच्चे बाइटच मोजले. दहा. तासाभरात फक्त दहा, सुरुवातीला '१एफ ८बी'. १९९६च्या आरएफसी १९५२मध्ये लिहिलेलं जीझिपचं हेडर नेमकं तेवढंच असतं. म्हणजे पाकीट आलं होतं, चिठ्ठी आलीच नव्हती. उलगडणारा बिचारा निर्दोष, त्याच्याकडे उलगडायला काही नव्हतंच.

अडलं होतं पलीकडे, मीच लिहिलेल्या सर्व्हरच्या कोडमध्ये. दाबणारा प्रोग्राम आलेला मजकूर लगेच बाहेर सोडत नाही. पुढे तेच शब्द पुन्हा येतील, मग आणखी नीट दाबता येईल, या आशेने तो साठवत बसतो. मोठ्या फाइलला हे ठीक. माझे निरोप इवलेसे आणि एकसारखे, त्यामुळे त्याचं पोट भरायला रात्र गेली असती.

प्रत्येक निरोपानंतर 'सिंक फ्लश'ची एक ओळ घातली. आता निरोपाच्या शेवटी ००, ००, एफएफ, एफएफ असे चार बाइट दिसू लागले. थोडी जागा जास्त जाते, जाऊ दे. 'फुल फ्लश' मुद्दाम टाळलं, त्यात मागचं सगळं विसरून पुन्हा शून्यापासून दाबावं लागतं.

अडीचला पहिला आकडा आला: ७.२ अँपिअर. आबांना फोन लावला. मागे मोटरीचा आवाज.

"पायपाला हात लावून बघितला," ते म्हणाले, "गार हाय. घेतीय पाणी."

"इथं पण तेच दाखवतंय."

"मग बराबर हाय तुझं यंत्र."

दुसऱ्या रात्री मेसेज वेळेवर गेला. आबा तरीही बॅटरी घेऊन निघालेच, म्हणे पायपाची खात्री केलेली बरी.