नकाशा विकत घेताना

नकाशा हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. ‘नक्श’ म्हणजे कोरणे, चित्र उमटवणे. मराठीतली ‘नक्षी’ही त्याच घरची. तेव्हा जुना नकाशा आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र, ही दोन्ही एकाच शब्दाची लेकरे म्हणायची. असे जुने नकाशे व छापचित्रे आज संगणकावरून विकत मिळतात. मूळ कागद मिळत नाही, त्याची डिजिटल प्रत मिळते. पैसे भरायचे, फाइल उतरवून घ्यायची आणि आपल्या गावात छापून घ्यायची.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गातल्या भिंतीसाठी आम्हाला अल-इद्रीसीचा जगाचा नकाशा हवा होता. या आलिमाने सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात, दुसरा रॉजर या ख्रिस्ती राजाच्या आश्रयाने, ११५४ साली आपला ग्रंथ पुरा केला. त्याने जगाचे सत्तर भाग पाडले, प्रत्येकाचा वेगळा नकाशा काढला आणि सोबत वर्णन लिहिले. त्या वर्णनात आपल्या किनाऱ्यावरचे ठाणे आहे, सोपारा आहे, सैमूर म्हणजे आपले चौलही आहे. त्याच्याही आधी, हिजरी ३०४ मध्ये, मसूदी सैमूरला येऊन गेला. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात आणि त्यांत इथेच जन्मलेलेही आहेत, असे त्याने नोंदवले आहे.

ही माहिती आम्हाला नुसती परीक्षेपुरती नको होती. “तुम्ही मूळचे कुठले?” हा प्रश्न आमच्या मुलांना कुठे ना कुठे ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा हेतू प्रत्येक वेळी वाईट असतो असे नाही. पण मूल गप्प होते. त्याचे उत्तर भाषणाने देण्यापेक्षा भिंतीवर टांगलेले बरे, असे आम्हाला वाटले.

शोधल्यावर एका विक्रेत्याकडे तो नकाशा सापडला. किंमत दीड हजार रुपये, मोठ्या छपाईची परवानगी वेगळी, आणि खाली ‘सर्व हक्क राखीव’. साडेआठशे वर्षांहून जुन्या नकाशावर आज हक्क कोणाचा? नमुन्याचे चित्र मोठे करून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसली. गावांची नावे रोमन लिपीत होती. अरबीत लिहिणाऱ्या इद्रीसीच्या नकाशावर रोमन अक्षरे आली कुठून?

त्याचे उत्तर असे. इद्रीसीच्या हातचा मूळ नकाशा आज उरलेला नाही, नंतरच्या हस्तलिखित नकला आहेत. कोनराड मिलर या जर्मन अभ्यासकाने ते सुटे भाग जोडून, नावे रोमन लिपीत उतरवून, १९२८ साली एक सलग नकाशा प्रसिद्ध केला. ‘इद्रीसीचा नकाशा’ म्हणून बाजारात बहुतेक वेळा तोच फिरतो. मिलरचे काम मोठेच आहे. पण आमच्या वर्गाच्या दृष्टीने त्यातली नेमकी मोलाची गोष्ट गेली होती. उर्दू शिकणारे मूल अरबी अक्षरे ओळखते. इंग्रजी शाळेतल्या मुलाला जे निव्वळ चित्र, ते आमच्या मुलांना वाचता येते.

हक्काचे म्हणाल तर आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याची कृती सर्वांची होते. मिलर १९३३ मध्ये वारला. म्हणजे त्याचाही नकाशा आता सर्वांचा आहे. जुन्या सपाट चित्राचा हुबेहूब फोटो काढल्याने नवा हक्क तयार होत नाही, असा निकाल न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. युरोपीय संघानेही २०१९ च्या निर्देशात हक्काची मुदत संपलेल्या चित्रांबाबत हेच धोरण घेतले.

मिलरचा नकाशा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. इद्रीसीच्या ग्रंथाची इ.स. १३०० च्या सुमाराची एक हस्तलिखित प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिची पानेही घरबसल्या पाहता येतात. व्यापार करायचा नसेल तर त्याला दाम नाही.

आम्ही ती पाने वर्गात दाखवली. पहिली हाक आली, “सर, नकाशा उलटा लागलाय!” इद्रीसीने दक्षिण वर ठेवली आहे, हे सांगितल्यावर मुलांनी माना वाकड्या केल्या. मग एकाने ‘बहर’ वाचले, दुसऱ्याने ‘जज़ीरा’. अक्षरांचे वळण वेगळे, तरी अडखळत अडखळत ‘हिंद’ सापडला. त्या दिवशी वर्ग आम्ही घेतला नाही, मुलांनीच घेतला.

याचा अर्थ विकत घेणे व्यर्थ, असा मात्र नाही. मुंबई इलाख्याच्या एका जुन्या नकाशाची प्रत आम्ही पैसे देऊन घेतली. डाग काढलेले, घडीच्या रेषा मिटवलेल्या, चार तुकडे नीट जोडलेले. त्यामागे कोणाची तरी मेहनत होती आणि मेहनतीचे मोल दिलेच पाहिजे. शिवाय जुनी पुस्तके फाडून त्यांतली छापचित्रे सुटी विकण्याचा धंदा फार वर्षे चालत आला आहे. डिजिटल प्रत घेतल्याने निदान पुस्तक तरी शाबूत राहते.

घेण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. मूळ प्रत कोणत्या संग्रहातली, कोणत्या सालची? रंग मूळचा की मागाहून भरलेला? कडा कापल्या आहेत का? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फाइल किती पिक्सेलची? हातात धरून पाहण्याच्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. १५०० पिक्सेल रुंदीचे चित्र त्या हिशेबाने पाच इंचच भरते. भिंतीवरच्या चार फुटी फ्लेक्सला इंचाला शंभर पुरतात, म्हणजे ४८०० पिक्सेल हवेत. एवढे विचारून, तीच वस्तू एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात फुकट आहे का हे पाहून, मगच खिशात हात घालावा. पैसे मेहनतीला द्यावेत. पूर्वजांच्या वारशावर कोणी ‘हक्क राखीव’ लिहिले म्हणून देऊ नयेत.

इद्रीसीचा नकाशा आता वर्गात लागला आहे, दक्षिण वर ठेवूनच. त्याच्या शेजारी मुलांनी त्याच्या ग्रंथातल्या गावांची यादी डकवली आहे. एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत: ठाणे, सोपारा, चौल.